कासेचे रक्षण गव्हाणीतून
(आजरा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजरा तालुक्यातील कोणत्याही वाडीवर पावसाळ्याच्या दिवसांत एक दृश्य वरचेवर पाहावयास मिळते. संकरित गाय व्यालेली असते. घरात चिकाचा खरवस झालेला असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाट्या गेलेल्या असतात. आठ-दहा दिवस उलटतात आणि एका पहाटे घरची गृहिणी धार काढावयास बसते, तो गाय पाय झाडते. एक सड गरम लागतो, कास त्या बाजूने कठीण झालेली असते आणि चरवीत दुधाऐवजी पिवळट पाणी व गाठी उतरतात. ‘दगडी झाली’ असे म्हणून घर हादरते. ते हादरणे खोटे नाही. दर दहा दिवसांनी दूध संस्थेतून येणाऱ्या बिलावर मुलांची फी, किराणा आणि गायीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता असे तिन्ही अवलंबून असते. एक सड कायमचा गेला, तर त्या वेतापुरतेच नव्हे, गायीच्या आयुष्याचेच उत्पन्न घटते.

मग कारणांचा शोध सुरू होतो. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते गोठा ओला राहिला, कोणी म्हणते धार काढणाऱ्याने हात धुतले नाहीत. दृष्टीची गोष्ट सोडून देऊ. ओला गोठा आणि अस्वच्छ हात ही कारणे खरीच आहेत. आजऱ्याच्या पश्चिम भागात चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यात गोठ्याची जमीन कोरडी ठेवणे हीच एक तपश्चर्या आहे आणि शेणामुतातील जंतू सडाच्या तोंडापर्यंत पोहोचणारच. तथापि एकाच गोठ्यात, एकाच ओल्या जमिनीवर चार गायी बांधलेल्या असतात आणि दगडी होते ती एकीलाच, तीही बहुधा नुकत्याच व्यालेल्या गायीला! जंतू चौघींच्या वाट्याला सारखेच आले होते. मग एकच का पडली? आजचा विषय या प्रश्नाभोवती फिरतो.

कासेची संरक्षणव्यवस्था एखाद्या गडासारखी आहे. सडाच्या टोकाची नळी म्हणजे गडाचा दरवाजा. तिच्याभोवती स्नायूंचे एक वर्तुळ असते. धार काढून झाल्यावर ते हळूहळू आवळले जाते आणि दरवाजा बंद होतो. दरवाजातून कोणी आत शिरलेच तर आतले पहारेकरी बोंब ठोकतात आणि रक्तातून सैन्य धावून येते. हे सैन्य म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यांतही न्यूट्रोफिल नावाच्या पेशी आघाडीवर असतात. त्या जंतूला गिळतात आणि आपल्या पोटातील दाहक रसायनांनी मारतात. दुधातील अशा पेशींची संख्या मोजूनच कासेचे आरोग्य ठरवितात. एका मिलिलिटर दुधात त्या दोन लाखांहून अधिक असतील तर कासेच्या आत कोठेतरी झुंज चालू आहे असे समजावे, मग बाहेरून दूध कितीही पांढरेशुभ्र दिसो.

गड कशावर लढतो? नुसत्या तटबंदीवर नव्हे, तर कोठारातील दाण्यावर. सह्याद्रीतील किल्ल्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे सांगावयास नको. तट भक्कम असूनही रसद संपल्यामुळे खाली झालेले गड थोडे नाहीत. गायीच्या कासेचेही तसेच आहे. पांढऱ्या पेशींनाही खावे लागते. त्यांना साखर लागते, कॅल्शियम लागते, ई जीवनसत्त्व व सेलेनियम लागते. आणि नेमकी विण्याच्या वेळीच या साऱ्याची गायीच्या अंगात टंचाई असते.

हा हिशेब एकदा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. दहा लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम गायीच्या शरीराबाहेर जाते. त्या क्षणी तिच्या रक्तद्रवात एकूण कॅल्शियम असते जेमतेम ३ ग्रॅम! म्हणजे तिच्या रक्तात जेवढे आहे त्याच्या सात-साडेसात पट एका दिवसात बाहेर पडते. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढावी लागते आणि ती यंत्रणा चालू व्हावयास दोन-तीन दिवस लागतात. तोवर रक्तातील पातळी घसरते. फारच घसरली तर गाय बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. याला दुधी ताप म्हणतात, जरी त्यात ताप मुळीच नसतो, उलट अंग थंड पडते. हा आजार डोळ्यांना दिसतो, म्हणून डॉक्टरांना बोलावणे जाते, शिरेतून बाटली चढते आणि तासाभरात गाय उठते. परंतु अधिक घातक ती गाय, जिच्या रक्तातील कॅल्शियम घसरलेले असते आणि तरीही ती उभी असते. खाते थोडे कमी, रवंथ करते थोडी सावकाश, एवढेच. घरचे म्हणतात, ‘व्यालीय, दमलीय.’

आता या अदृश्य टंचाईचा कासेशी संबंध पाहा. स्नायू आवळावयास कॅल्शियम लागते. कॅल्शियम कमी, म्हणजे सडाचा दरवाजा सैल. तशात गाय अशक्तपणामुळे लवकर बसते, बसते ती ओल्या शेणात. पहिला तट तेथेच ढासळला. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पांढऱ्या पेशीला ‘शत्रू आला, कामाला लाग’ हा संदेश मिळतो तो पेशीच्या आत साठविलेल्या कॅल्शियमच्या लाटेने. अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स येथे राष्ट्रीय पशुरोग केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की विण्याच्या सुमारास गायीच्या या संरक्षक पेशींमधला कॅल्शियमचा साठाच आटतो. सैन्य आहे, शस्त्रेही आहेत, पण तुतारी फुंकावयास श्वास नाही, अशी ही अवस्था! न्यूयॉर्क राज्यातील गोठ्यांची जी पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दुधी ताप येऊन गेलेल्या गायींना कासदाहाचा धोका इतर गायींच्या सुमारे आठपट आढळला होता. हे निरीक्षण चाळीस वर्षांहून जुने आहे. तरी आपल्याकडे दुधी ताप आणि दगडी हे दोन वेगळे आजार मानून दोन वेगळ्या बाटल्या आणण्याची रीत अद्याप सुटलेली नाही.

दुसरी टंचाई साखरेची. एक लिटर दूध तयार करावयास कासेला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते. वीस लिटर देणाऱ्या गायीला केवळ दुधापायी रोज सव्वा-दीड किलो साखर हवी. ही साखर तिला चाऱ्यातून आयती मिळत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव चारा आंबवून त्याची आम्ले करतात आणि त्या आम्लांपासून गायीचे यकृत साखर घडविते. कोल्हापूर हा गुळाचा मुलूख. म्हणून व्यालेल्या गायीला ताकदीसाठी गूळ घालण्याची पद्धत येथे घरोघर आहे. त्यामागील माया खरी आहे, पण तो गूळ गायीच्या रक्तात साखर म्हणून पोहोचत नाही. पोटातले जंतूच तो फस्त करतात आणि त्यातून जी आम्ले निघतात त्यांतील एक तर पुढे वर्णिलेल्या दुखण्यास हातभारच लावते. चवीपुरता खडा दिला तर हरकत नाही. औषध म्हणून तो देऊ नये.

विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. साहजिकच गाय आपल्या अंगावरची चरबी वितळवू लागते. ती चरबी यकृताकडे लोटते. यकृताला ती पूर्ण जाळता आली नाही म्हणजे अर्धवट जळालेली द्रव्ये, ज्यांना कीटोन म्हणतात, ती रक्तात साचतात. हाच किटोसिस. रक्तातील त्यांचे प्रमाण लिटरमागे १.२ मिलिमोलपर्यंत गेले की दुखणे सुरू झाले असे धरतात. गाय पेंड सोडते आणि पिंजर मात्र चघळत राहते, शेण घट्ट होते, श्वासाला गोडसर आंबूस वास येतो, पाठ दिसता दिसता खाली जाते. ही लक्षणे जुन्या गवळ्यांना ठाऊक होती, नाव तेवढे ठाऊक नव्हते.

कीटोनने माखलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी आळशी होतात. जंतू जेथे आहे तेथवर त्या वेळेत पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी त्यांचा मारा दुबळा असतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गायींच्या रक्तात कीटोन वाढलेले होते, काहींच्या नव्हते. दोन्ही गटांच्या कासेत शेणात सर्रास आढळणारा ई. कोलाय हा जंतू सोडण्यात आला. कीटोन नसलेल्या गायींमध्ये कोणाचे दुखणे हलके गेले, कोणाचे जड. ते त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या चपळाईवर ठरले. कीटोन वाढलेल्या गायींमध्ये मात्र दुखणे जडच गेले. जंतू एकच आणि कासही तशीच, पण कोठार रिकामे होते.

आणि लढाई सुरू झाल्यावर तर खर्च आणखी वाढतो. आयोवा राज्य विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१७ साली मोजून पाहिले. गायीची प्रतिकारशक्ती जोराने चेतविली गेली असता बारा तासांत ती किलोभराहून अधिक ग्लुकोज खाते! मग दूध एकाएकी का आटते याचे कोडे राहत नाही. एका ताटात दोघे जेवावयास बसलेले असतात, कास आणि सैन्य.

याच एम्सच्या केंद्रात १९९९ साली झालेला एक प्रयोग या साऱ्यावर कळस चढविणारा आहे. विण्याने गायीची प्रतिकारशक्ती खालावते, हे माहीत होते. पण ती विण्याच्या शिणाने खालावते की दुधाच्या ओझ्याने? संशोधकांनी काही गायींची कास शस्त्रक्रियेने काढून टाकली आणि त्या गाभण राहून व्याल्यावर त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी कास असलेल्या गायींच्या पेशींशी ताडून पाहिल्या. विताना दोन्हींची शक्ती उतरली. पण कास नसलेल्या गायी आठवडाभरात सावरल्या. कास असलेल्या गायींच्या पेशी वीस दिवस झाले तरी पुरत्या सावरल्या नव्हत्या. प्रयोगाची रीत ऐकून मन कचरते, हे खरे. त्याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. गायीची प्रतिकारशक्ती दुधाच्या पायी खर्ची पडते.

येथे देशी गायीचा विषय निघणे स्वाभाविक आहे. कोकणच्या अंगाने आढळणारी आपली लहानखुरी गाय कधी दुधी तापाने बसलेली फारशी दिसत नाही. यावरून तिच्या दुधात वा रक्तात काही अलौकिक आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई काही मंडळी करतात. वस्तुतः तिचे दूध दोन-तीन लिटर. ती आपल्या शरीराकडून मागतेच कमी, म्हणून तिची तूट कमी आणि म्हणून तिचे सैन्य जागेवर. तिची काटकता हा मोठा गुण आहेच. पण ज्या घराने संकरित गाय आणली त्या घराला ‘देशी पाळा’ एवढा उपदेश पुरत नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली. तेथून संकरित कालवडींचे जे कार्य पसरले, त्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, तो पैसा वाडीवाडीपर्यंत पोहोचविला. वंश बदलला, दूध पाचपट झाले. गव्हाण मात्र तीच राहिली. चूक असलीच तर येथे आहे.

ती गव्हाण आजऱ्यात कशी आहे? भाताचे पिंजर, उसाचे वाढे, डोंगरउतारावरचे गवत आणि वरून पेंड. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून गेला, पण त्याचे पिंजर गायीच्या पोटाला भर घालण्यापलीकडे फारसे काही देत नाही. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि मग ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. पोटातील जंतू सवयीने काही ऑक्झॅलेट मोडतात, तरी गळिताच्या हंगामात महिनोन्‌महिने केवळ वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची हाडे आतून रिती होत जातात. तांबडी जमीन आणि धो-धो पाऊस यांमुळे चुना मुळात मातीतूनच वाहून गेलेला असतो. म्हणून वाढे एकटे न घालता सोबत कडवळ वा मका आणि शक्य तेथे द्विदल चारा द्यावा. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम चुकवू नये. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांचा भाग पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा, कारण सेलेनियम अधिक झाले तर विषच ठरते.

या ठिकाणी एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत गाय विण्याच्या आधी महिनाभर दुकानातून कॅल्शियमच्या बाटल्या आणून पाजतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत असले की हाडांतून ते काढण्याची गायीची यंत्रणा झोपी जाते. विण्याच्या दिवशी तिला जाग येत नाही आणि गाय बसते. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा नको, भरमसाट शेणखत-खतांवर वाढलेला, पोटॅशने भरलेला कोवळा हिरवा चाराही बेताचा हवा. व्याल्यावर मात्र कॅल्शियम हात राखून देऊ नये. तसेच जास्त दुधाच्या गायीची कास पहिल्या दिवशी कोरडी ठण्ण करू नये. वासराला पोटभर चीक मिळेल इतके काढावे, खरवसाचा मोह थोडा आवरावा. कासेत दाह दिसत असेल तर मात्र ती पूर्ण मोकळी केलीच पाहिजे.

आपल्या घरांत वसुबारसेला गायीची पूजा होते. ती सवत्स धेनूची, म्हणजे दुभत्या, वासरू पायाशी असलेल्या गायीची. आटलेली गाभण गाय त्या दिवशीही दावणीच्या टोकाला असते. घरातला सर्वांत निकृष्ट चारा तिच्या पुढ्यात पडतो, पेंड बंद होते, कारण ती काही देत नाही. अथवा याच्या उलट, सधन घरात ती खाऊन खाऊन गुटगुटीत होते आणि तेही तितकेच वाईट. फार माजलेली गाय व्याल्यावर कमी खाते, अधिक चरबी वितळवते आणि लवकर किटोसिसमध्ये जाते. फासळ्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात, इतपतच अंग असावे. आटविण्याचे साठ दिवस हे कासेच्या डागडुजीचे दिवस आहेत. सडाच्या तोंडाशी मेणासारखे बूच बसते, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात. शेवटचे एकवीस दिवस पेंडीची सवय हळूहळू लावावी. व्याल्या दिवशी एकदम दुप्पट आंबोण घातले तर पोटात आम्ल वाढते, पोटाचे अस्तर दुखावते, तेथील जंतूंचे विष रक्तात उतरते आणि आधीच दमलेल्या सैन्याला दुसरी आघाडी उघडावी लागते.

म्हशीबद्दल दोन शब्द. तिच्या सडाचा स्नायू गायीपेक्षा घट्ट, म्हणून दगडी तिला तुलनेने कमी होते. कॅल्शियमची टंचाई मात्र तिलाही सोडत नाही.

दगडी झालीच तर काय? ताप आणि सुजलेली कास यांत घरगुती उपायांवर दिवस घालवू नये, डॉक्टर गाठावा. प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध सांगितलेल्या मुदतीपर्यंत संस्थेत घालू नये, वासराला पाजू नये. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसारात आणला आहे. दाह सौम्य असताना त्याचा लाभ घ्यावा, परंतु त्याच्या जोडीला गायीचे खाणे आणि रक्तातील कॅल्शियम-कीटोन तपासून घ्यावे. नुसती कास बरी केली आणि कोठार रिकामेच ठेवले, तर पंधरा दिवसांत दुसरा सड धरतो. हा अनुभव गोठ्यागोठ्यातून ऐकू येतो.

छुपी दगडी घरच्या घरी ओळखता येते. धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे द्रावण करावे, चारही सडांचे थोडे थोडे दूध चार वाट्यांत वेगवेगळे घ्यावे, तितकेच द्रावण घालून वाटी हलवावी. ज्या वाटीत दूध घट्ट, शेंबडासारखे होईल त्या सडात पांढऱ्या पेशींची गर्दी आहे. नंतर चारही वाट्या ओतून टाकाव्यात. विल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दर आठवड्याला ही परीक्षा करावी. व्याल्याबरोबरच्या चिकात ती फसवी ठरते.

आणि चाऱ्याची वेळ बदलावी. धार काढताना गायीपुढे आंबोण असतेच. पण हिरवी वैरण राखून ठेवावी आणि धार आटोपून, सड जंतुनाशकात बुडवून झाल्यावर मग घालावी. गाय खात उभी राहते. अर्धा-पाऊण तास ती खाली बसत नाही आणि तेवढ्या वेळात सडाचे तोंड मिटते.